पेणची आखणी

रोह्यास आमच्या मामांचें घर आहे, आणि पेण हें त्या वाटेवरील आमचें विसांव्याचें ठिकाण. एरव्हीं पोह्यांचे पापड घेण्यापुरताच हा विसांवा. परंतु 2019 सालच्या आषाढांत दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीनें आम्ही निघालों, तेव्हां आजीनें घरचा पाट फडक्यांत गुंडाळून बरोबर घेतला होता. यंदांची मूर्ति शाडूचीच हवी, आणि पाट स्वतः कारागिराच्या हातीं द्यावयाचा, असा तिचा आग्रह. मागील कांहीं वर्षें आमच्या घरीं प्लॅस्टरची मूर्ति येत असे, हें येथें कबूल केलें पाहिजे. ती हलकी, स्वस्त, आणि तीन जिने चढवून नेण्यास सोयीची!

पेण आणि जवळचीं हमरापूर, जोहे हीं गांवें म्हणजे गणपतींचें माहेरच. येथून मूर्ति मुंबईसच काय, परदेशींहि जातात. कारखाना म्हटला कीं यंत्रें आणि भोंगा मनांत येतो. आम्हीं पाहिला त्या कारखान्यांत मात्र कौलारू पडवी, भिंतीपर्यंत फळ्यांच्या रांगा, आणि दाराशीं भिजत घातलेली शाडू. चाळलेली माती लोण्यासारखी मळून साच्यांत दाबावयाची, हात नि सोंड मागाहून जोडावयाची, आणि मग सावलींत वाळूं द्यावयाचें. उन्हाची घाई केली कीं तडा गेलाच. आषाढांत तर हें वाळणें म्हणजे कारागिराच्या धीराची परीक्षा. पलीकडच्या खोलींत काथ्या घालून ओतलेल्या प्लॅस्टरच्या मूर्ति होत्या. त्या झटपट घट्ट होतात, पण एकदां घट्ट झालेलें प्लॅस्टर पाण्यांत पुन्हां विरघळत नाहीं. पुढें 2020 सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें अशा मूर्तींना मनाई सुचविली. जून 2025 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या घडविण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर निर्बंध ठेवले. नदीचें दुःख खरें, आणि ज्या घरांची चूल प्लॅस्टरवर पेटते त्यांची विवंचनाहि खरी. आम्ही शहरवासी स्वस्त मूर्ति मागावयाची ती मागतों आणि वर कारागिराला उपदेश करतों, हें कांहीं बरें नव्हे.

पडवीच्या कोपऱ्यांत एक वृद्ध गृहस्थ आखणी करीत होते. मूर्तीचे डोळे काढण्याच्या कामास येथें आखणी म्हणतात, आणि तें प्रत्येकाच्या हातीं देत नाहींत. डाव्या मुठीवर उजवें मनगट टेकून, श्वास रोखून, त्यांनीं वरच्या पापणीची काळी रेघ एका ओढींत उमटविली, मग बुबुळ, आणि शेवटीं त्यांत मोहरीहूनहि लहान असा एक पांढरा ठिपका. तो ठिपका पडला मात्र, इतका वेळ कोठेंच न पाहणारी ती माती थेट आमच्याकडे पाहूं लागली. आम्ही नकळत सांवरून बसलों.

"मखर उंच, पूजा करणारा खालीं," कुंचला पुसतां पुसतां ते म्हणाले. "म्हणून नजर थोडी उतरवावी लागते. दोन डोळे सारखे काढणें अवघड नाहीं. दोघांची नजर एके ठिकाणीं आणणें अवघड."

आम्ही असे रंगलों असतां मागून 'टुक्' असा बारीक आवाज आला. आमच्या सात वर्षांच्या धाकट्यानें फळीवरील एका ओल्या मूर्तीच्या आशीर्वादाच्या हाताला बोट लावलें होतें, आणि बाप्पांची करंगळी त्याच्या मुठींत होती! आमची तर वाचाच बसली. वृद्ध गृहस्थ उठले, पोराच्या पाठीवरून हात फिरविला, चिमूटभर शाडू तळहातावर वळली, जोड पाण्यानें भिजविला आणि करंगळी बसविली. कोरणीनें नखहि रेखलें. पैसे देऊं केले ते त्यांनीं घेतले नाहींत.

आजीचें मन मात्र खाऊं लागलें. "खंडित मूर्ति पूजेला चालत नाहीं म्हणतात हो. मग ही आतां कोणाच्या घरीं जायची?"

"आजी, अजून ती देव कुठें झाली? प्राणप्रतिष्ठा घरीं झाल्यावर देव. आज ही माती, आणि तीहि ओली."

आजी कांहीं बोलली नाहीं. पाट कारागिरास न देतां, तसाच गुंडाळलेला घेऊन आम्ही एसटीनें नागोठण्यावरून रोह्यास गेलों. मामांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्यावरून रोह्याची थोरवी सांगावयाची होती. ऐकावयास कोणी तयार नव्हतें. सायंकाळीं कुंडलिकेचें तांबडें पाणी पाहण्यास सारे गेलों, तेव्हां आजी एकाएकीं म्हणाली, "आपल्या पोराच्या हातून झालें, तें दुसऱ्याच्या घरीं कां जावें? तीच मूर्ति आपण घ्यायची."

परततांना पेणला उतरून पाट दिला, मूर्ति दाखवून ठेवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं ती घरीं आली, तेव्हां आम्हीं सर्वांनीं चष्मे लावून ती करंगळी निरखली. जोड कांहीं सांपडला नाहीं. धाकटा म्हणे, हीच ती, आजी म्हणे, "अरे, हाताची अदलाबदल झाली असेल, मूर्तीच दुसरी असेल." शेवटीं मोदक गार होऊं लागले, म्हणून तो वाद तेथेंच राहिला.