अक्काचा फोटो

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी फ्लॅश शिकत होते. तोही कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा नाही, तर लांब ठेवून बिनतारी उडवायचा!

तर झालं असं. आमची अक्का वाईजवळच्या गावी, जुन्या घरात राहते. वय चौऱ्याऐंशी. भाऊजी गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधला, त्यातून भाऊजींना कापून मोठं केलं आणि भिंतीवर लावलं. त्या फोटोत भाऊजींच्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे. मनगटापर्यंतच. कुणाचा, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत अक्का म्हणाली, "बेबी, तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना? माझा एक नीट फोटो काढून ठेव. माझ्या खांद्यावर नको कुणाचा हात."

मी "काहीतरीच काय बोलतेस" वगैरे म्हटलं. पण कॅमेरा काढला.

मोठा कॅमेरा म्हणजे मुलाचा जुना निकॉन डी-९०, २००८ सालचं मॉडेल. त्याने नवा मिररलेस घेतला आणि हा एसबी-६०० फ्लॅशसकट माझ्या गळ्यात पडला. अक्काच्या माजघरात भरदुपारीही अंधार. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश टुणकन वर आला, लख्ख उजेड पडला आणि फोटो निघाला. चेहरा पांढराफटक, चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन चांदण्या, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. अक्काने निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही रेशनकार्डावरची बाई कोण गं?"

चूक कॅमेऱ्याची नव्हती. उजेड लेन्सच्या अगदी शेजारून गेला की नाकाची, गालाच्या हाडाची सावली त्यांच्याच मागे दडते. कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. शाळेत फळ्यावर मी वर्तुळ काढायचे ते वर्तुळच राहायचं. एका बाजूला खडूने छटा दिली की त्याचा चेंडू व्हायचा. अक्काच्या चेहऱ्याचं मी वर्तुळ करून टाकलं होतं.

घरी आल्यावर मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरव." त्यानेच फोनवरून एकेक पायरी सांगितली. डी-९०च्या मेनूत 'कमांडर' नावाचा प्रकार आहे. तो लावला की छोटा फ्लॅश नुसता हुकूम देतो आणि लांब ठेवलेला मोठा फ्लॅश उडतो. हुकूम कसा, तर उजेडाच्याच बारीक लुकलुकण्यातून. मोठ्या फ्लॅशला हे आधी शिकवावं लागतं. त्याची 'झूम' आणि 'वजा' ही दोन बटणं एकदम दाबून धरायची, की आत लपलेली यादी उघडते. तिथे वाकड्यातिकड्या बाणाचं चित्र येतं, ते चालू करायचं. मग दोघांचा चॅनेल एकच ठेवायचा. एवढं वहीत लिहून घेतलं तेव्हा कुठे जमलं.

सराव केला नारळावर. जेवणाच्या टेबलावर नारळ, डाव्या बाजूला फ्लॅश. समोरून उजेड टाकला तेव्हा तपकिरी गोळा दिसत होता. बाजूने टाकला तर एकेक काथ्या मोजता यावा! आमचे हे पेपरामागून म्हणाले, "नारळाचा फोटो भिंतीवर लावणार का?" मग ह्यांचेही काढले. फ्लॅशच्या अंगावर एक छोटी खिडकी असते, तिला कॅमेऱ्याचा हुकूम 'दिसावा' लागतो. खिडकीचं तोंड भलतीकडे झालं की तो ढिम्म. भर उन्हात तर त्याला जवळूनही नीट दिसत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकासारखं, आधी लक्ष आपल्याकडे आहे का ते बघायचं, मग बोलायचं.

संक्रांतीला पुन्हा अक्काकडे गेले. चौदा फोटो काढले. अकरांत डोळे मिटलेले आणि उरलेल्या तिनांत अर्धवट.

अक्का पडद्याकडे बघत राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "डोळ्यांना कळलंय. ते आत्तापासूनच मिटायला लागलेत."

मी काही बोलू शकले नाही. रात्री परतताना एसटीत तेच वाक्य कानात.

खरी गोष्ट निराळीच होती. मेनूत छोट्या फ्लॅशपुढे दोन आडव्या रेघा लावल्या की तो फोटोसाठी उजेड देत नाही, पण हुकूम मात्र देतच राहतो. ते लुकलुकणं शटर उघडण्याच्या क्षणभर आधी होतं. बहुतेकांना ते जाणवतही नाही. काहींच्या पापण्या मात्र तेवढ्यात मिटतात आणि नेमका त्याच वेळी फोटो निघतो. डोळे मिटत होते ते माझ्या कॅमेऱ्यामुळे.

हे मी अक्काला लगेच फोन करून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली. तिला पटलं नव्हतं. आता फोटोपेक्षा हे खोटं ठरवणं मला जास्त गरजेचं वाटायला लागलं.

यावर उपाय रेडिओचा. एक छोटी डबी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशखाली. हुकूम रेडिओलहरींतून जातो, समोर काहीही लुकलुकत नाही. फ्लॅशला दिसण्याचीही गरज नाही, आड भिंत असली तरी चालतं. फक्त उजेड किती ते आपणच फ्लॅशवर ठरवायचं. मी एक अष्टमांशपासून सुरुवात करते. फ्लॅशचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो, हे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी पूर्वी सांगितलेलं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. एकदा शटर १/५०० वर राहिलं तर फोटोच्या कडेला काळा पट्टा. या कॅमेऱ्याचं शटर १/२०० च्या पुढे नेलं की अशा फ्लॅशशी त्याचं जमत नाही.

पाडव्याला गेले. आता प्रश्न, फ्लॅश ठेवायचा कुठे? स्टँड माझ्याकडे नाही. भिंत पोपटी, तिच्यावर उजेड आपटवला तर चेहराही पोपटी. अक्का म्हणाली, "कंदिलाच्या खुंटीला टांग की."

ती खुंटी अजून होती! माजघराच्या खांबाला, डोक्यापेक्षा जरा वर. लहानपणी याच घरात आम्ही आजोळी यायचो, तेव्हा तिथला कंदील मी पाहिलाय. (हे घर आमच्या मामांचं आणि भाऊजी मामांचेच चिरंजीव, हे नातेवाईकांना सांगायला नको.) फ्लॅश सुतळीने खुंटीला बांधला. पुढे दोरीवर धुतलेला पांढरा पंचा टाकला. उजेडाचं तोंड मोठं झालं की सावलीची धार मऊ होते. अक्का पाटावर बसली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मध्येच बटण दाबलं.

डोळे उघडे. सताड!

दुसरा, तिसरा, दहावा... सगळ्यांत उघडे. मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघ. काही मिटत नाहीयेत."

ती बराच वेळ बघत होती. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर हलकी सावली, कपाळावरच्या सगळ्या रेघा जागच्या जागी. मला वाटलं, सुरकुत्या बघून रागावणार.

"ही आई आहे," अक्का म्हणाली.

आईचा आमच्याकडे एकही फोटो नाही. १९६१ साली ती गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला आठवतो तो चुलीच्या नाहीतर कंदिलाच्या उजेडातला, एका बाजूनेच दिसणारा चेहरा. अक्काला जास्त आठवतं.

मी म्हटलं, "अगं, आई बेचाळिसाव्या वर्षी गेली. एवढी म्हातारी कुठे झाली?"

"झाली असती तर अशी दिसली असती."

असो. फोटो छापून आणला. भिंतीवर लावायचा नाही असं अक्काने बजावलंय. ट्रंकेत, पैठणीखाली, कागदात गुंडाळून ठेवलाय. "लागेल तेव्हा लागेल, घाई कसली?"

त्या दिवशी मी सुतळी सोडायला उठले तर म्हणाली, "थांब. तू बस पाटावर. दाबायचं कुठे ते दाखव."

तिने काढलेला माझा फोटो जरा तिरका आलाय. डोळे मात्र उघडे आहेत.