कमी उंचीचा मोठा धोका

व्यापारी घरातील मुलाला एक गोष्ट लहानपणीच शिकवली जाते : सगळे भांडवल एकाच व्यवहारात गुंतवू नये, थोडी गंगाजळी बाजूला असू द्यावी. तोच मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत जातो आणि एके दिवशी फोनवर सांगतो, “पुलावरून पॅराशूट घेऊन उडी मारायची आहे. काळजी करू नका, विमानातून नाही. पूल फक्त ४८६ फूट उंच आहे.” आईवडिलांना हायसे वाटते. वास्तविक काळजी तेथूनच सुरू व्हायला हवी.

हा पूल आयडाहो राज्यातील ट्विन फॉल्स येथे स्नेक नदीवर आहे. पेरीन पूल असे त्याचे नाव. तेथे वर्षभर परवान्याशिवाय अशी उडी घेता येते. या खेळाला ‘बेस जंपिंग’ म्हणतात. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार ठिकाणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

विमानातून उडी घेणाऱ्याजवळ दुसरे, राखीव पॅराशूट असते आणि ते उघडण्याइतकी उंचीही असते. पुलावरून पडणारा पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट, दुसऱ्याअखेर ६४ आणि तिसऱ्याअखेर १४४ फूट खाली येतो. पॅराशूट उघडलेच नाही, तर साधारण साडेपाच-सहा सेकंदांत नदी. एवढ्या अवधीत चूक ओळखून दुसरे पॅराशूट उघडणे जवळजवळ अशक्य. म्हणून येथे पॅराशूट एकच. गंगाजळी नाहीच.

म्हणूनच खबरदारीचा सारा हिशेब उडीपूर्वी पुरा करावा लागतो. नवशिक्याने आधी विमानातून पुष्कळ उड्या घेऊन पॅराशूट वळवणे व नेमक्या जागी उतरणे आत्मसात करावे; अनुभवी लोक किमान दीडशे-दोनशे उड्यांची अपेक्षा ठेवतात. पॅराशूट या खेळासाठीच बनवलेले असावे आणि त्याची घडी घाई न करता घालावी. पहिल्या उड्यांत मुख्य पॅराशूट ओढून काढणारी छोटी छत्री पुलावरील अनुभवी सहकारी हातात धरून ठेवतो, त्यामुळे ते लगेच उघडू लागते. शिकण्यासाठी पूल निवडतात त्यालाही कारण आहे. पॅराशूट उलट्या दिशेला उघडले, तर कड्याजवळ माणूस खडकावर आदळतो. पुलाखाली बहुधा मोकळी जागा असते. खाली पाणी असल्याने तरंगण्याचे जाकीट हवे, नावेची सोय हवी. वारा वर आणि खाली दोन्हीकडे पाहावा.

इतके करूनही जोखीम शून्य होत नाही. या खेळाला आकार देणारे कार्ल बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेत विक्रमी उडीनंतर काही दिवसांतच दुसऱ्या उडीत मृत्युमुखी पडले. अनुभवाची त्यांना वाण नव्हती.

घरच्यांनी नुसते ‘नको’ म्हटले, तर पुढच्या वेळी मुलगा सांगणारच नाही. त्यापेक्षा विचारावे : विमानातून किती उड्या झाल्या? शिकवणारा कोण? घडी कोण घालतो? विम्यात हा खेळ वगळलेला आहे का? आणि शेवटी, वारा बिघडला तर मित्रांदेखत कठड्यावरून मागे फिरशील का? या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर चटकन आणि मनापासून ‘हो’ असे आले नाही, तर त्याची तयारी अजून अपुरी आहे, असे त्याला स्पष्ट सांगावे.