भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर

पुणे,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,


आपल्या मधुराच्या डोहाळजेवणाची फुलांची वाडी माझ्याकडे होती आणि मी पोहोचले ती पंगत बसायच्या वेळेला. तू एका शब्दानं बोलली नाहीस. निघताना भाऊजी मात्र म्हणाले, "शुभकार्याला निघालेल्या माणसानं मध्येच कशाला थांबायचं? उद्या पोलीस-कोर्ट मागे लागलं म्हणजे?" पाहुण्यांसमोर मी गप्प राहिले. पण त्यांची काळजी खोटी नाही, आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात ती असतेच. म्हणून सविस्तर लिहिते.

त्या दिवशी तुमच्याकडे येताना शिरवळच्या पुढे, खंबाटकी यायच्या आधी, एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. रात्रपाळी करून घरी निघालेला पोरगा होता. टेम्पो धक्का देऊन निघून गेला होता. मांडीतून रक्त वाहत होतं, डब्याची पिशवी लांब फेकली गेली होती. भोवती माणसं जमली होती, पण हात कुणी लावत नव्हतं. एक जण पाण्याची बाटली घेऊन पुढे आला, दुसरा हेल्मेट ओढायला निघाला. दोघांचा हेतू चांगलाच होता, तरी मी दोघांना थांबवलं. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, पुढे ऑपरेशन लागलं तरी पोट रिकामं असलेलं बरं. मानेला मार असेल तर हेल्मेट ओढताना मणक्याला कायमची इजा होऊ शकते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट राहू द्यायचं, फक्त पुढची काच वर करायची. तेवढं मी केलं.

ह्यांनी गाडी कडेला घेऊन चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे कळायला महामार्गावरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा फार उपयोगी पडतो, तो त्यांनी वाचून सांगितला. आमचा ओंकार मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत लांब उभा राहिला. मी आहेराच्या टॉवेल-टोपीतला नवा टॉवेल काढला, घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला. तो भिजला तेव्हा काढला नाही, त्याच्यावरच दुसरा ठेवला. पहिला काढला की धरू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. दाब मध्येच सैल करून बघायचंही नाही. ताई, हात भरून येतात गं. पण तो पोरगा माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याशी सारखी बोलत होते. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण असतं. उत्तरं मिळत होती तोवर मला धीर होता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. कुलूप लावलेला फोन आपल्याला उघडता येत नाही, पण आलेला घेता येतो. आईच होती. ह्यांनी तिला तीनच गोष्टी सांगितल्या: अपघात झालाय, मुलगा बोलतोय, आणि रुग्णवाहिका येतेय. रुग्णवाहिकेच्या मागोमाग आम्ही दवाखान्यात गेलो आणि त्याचा भाऊ आल्यावर निघालो. काल त्या भावाचाच फोन आला होता. पाय वाचलाय.

आता पोलीस-कोर्टाचं. ही भीती पूर्वी खरी होती, म्हणून तर लोक लांब उभे राहतात. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची नियमावली देशभर बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्यानंच ठरवायचं. दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. आम्हाला हवालदारांनी नाव विचारलं, आम्ही आपणहून दिलं.

आणि आधी उपचार, मग कागदपत्रं हे तर न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय, सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची योजनाही आहे. अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. त्यामुळे 'पैसे कोण भरणार' म्हणूनही अडायचं कारण उरत नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि सगळ्यांत जास्त दुचाकीवरची. गंभीर इजा झालेल्याला पहिल्या तासात उपचार मिळाले तर त्याची जगण्याची आशा सगळ्यांत जास्त असते, कायद्यातही त्या तासाची नोंद आहे. तो तास डॉक्टरांच्या हातात सुरू होत नाही. तो रस्त्यावर, वाटेनं जाणाऱ्यांच्या हातात सुरू होतो. थांबणारी माणसं फार धाडसी असतात असं मला वाटत नाही. काय करायचं आणि काय करायचं नाही हे माहीत असलं की पाय आपोआप थांबतो. आमच्या शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं म्हणून माझे हात चालले, नाहीतर मीही त्या घोळक्यातच असते.

शुभ-अशुभाबद्दल एकच सांगते. येणाऱ्या बाळासाठी आपण ओटी भरतो, ते सुखरूप असावं म्हणून. त्या रस्त्यावर पडलेलाही कुणाच्या तरी ओटीतलाच होता. त्या दिवशी त्याच्यासाठी थांबणं हे मला मधुराच्या कार्याचाच भाग वाटतं.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. नाताळच्या सुट्टीत सगळे साताऱ्याला जमू, तेव्हा एक दुपार प्रथमोपचार शिकण्यासाठी ठेवूया. आमच्या शाळेत शिकवायला येणाऱ्या डॉक्टरबाई यायला तयार आहेत. भाऊजींच्या गाडीत एक पेटी असू दे: जाड सुती कापड, बँडेज, कात्री, हातमोजे, टॉर्च. प्रत्येकाच्या फोनवर १०८ आणि ११२ असू देत, आणि कुलूप न उघडता दिसेल असा घरच्यांचा नंबरही.

भाऊजींना हे पत्र वाचायला दे. त्यांचं रोज सातारा-कराड जाणं-येणं असतं, हे सगळ्यांत आधी त्यांना यायला हवं. आणि कधी वाटेत थांबून त्यांना घरी यायला उशीर झाला, तर तू काळजी कर, पण रागावू नकोस.

तुझी,
सुमन