आईच्या फोनला रेंज कुणाची?

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. 'ग्राहकाचा समतोल' हा धडा गेली वीस वर्षं न चुकता सांगत आलो आहे. पण गेल्या दिवाळीत आईसाठी पहिला स्मार्टफोन घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या धड्यातली एक ओळही उपयोगाला आली नाही. फोन ठरवायला एक संध्याकाळ पुरली. सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं, यावर मात्र घरात पंधरा दिवस चर्चा चालली.

आई राहते खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, मागं काजूची झाडं आणि त्यामागं रान. बाबा गेल्यापासून ती एकटीच. "बेळगावला चल" म्हटलं की म्हणते, "म्हशीला कोण बघणार?" मी बेळगावात, ताई चंदगड तालुक्यात दिलेली आणि माझी सासुरवाडी धारवाडची, म्हणजे कन्नड. सगळ्यांचा जीव आईच्या फोनला टांगलेला. गेल्या आषाढात सलग दोन दिवस तिचा फोन लागला नाही, तेव्हा मी पावसातच गाडी काढली. जाऊन बघतो तर आई चुलीपुढं शांत बसलेली. म्हणाली, "लाईट नाही, टॉवर नाही, मी आहे की."

पूर्वी हे प्रकरण खर्चाचंही होतं. मोबाईलवाल्यांनी देशाची सर्कलं पाडली तेव्हा मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एका सर्कलमध्ये घातला, आणि त्या दोघांच्या मधोमध बसलेले आम्ही गेलो कर्नाटक सर्कलमध्ये. सीमाभागात रेघा काय कमी होत्या! ताई माहेरी आली की तिच्या फोनला रोमिंग लागायचं, आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. म्हणून आमची मिस्ड कॉलची भाषा: एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे तुम्ही लावा. जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवायची सोय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती रोमिंगचे पैसे न लावता, आणि पुढं बाकीच्यांनीही ते लावायचं सोडलं. तेव्हा सिम इकडचं की तिकडचं हा प्रश्न आता उरलेला नाही. दाजींना हे पटत नव्हतं. चंदगडचं सिम आमच्या रानात जास्त चालतं, असा त्यांचा ठाम विश्वास.

मग एका रविवारी आम्ही परीक्षाच घेतली. माझं, बायकोचं, दाजींचं आणि भाच्याचं अशी चार सिमं. सोप्यात, स्वयंपाकघरात, गोठ्यात, सकाळी, दुपारी आणि रात्री आठ वाजता. बेळगावात ज्याचा टॉवर फुल्ल असतो ते सिम सोप्यात आल्यावर मुकं झालं. दुसरं दुपारी पळत होतं, पण रात्री सगळं गाव फोनला चिकटल्यावर त्याच्यावरची चित्रं थिजली. दाजींचं आणि माझं एकाच कंपनीचं, फक्त राज्यं वेगळी. दोन्ही एकाच टॉवरला धरून होती, तिळाइतकाही फरक नाही. दाजी तेवढ्यापुरते गप्प बसले. भाच्याचं सिम सोप्यात आणि चुलीपाशी दोन्हीकडं चाललं.

कारण समजण्यासारखं आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी त्या मानानं भिंतीपुढं लवकर दमतात. ट्रायच्या आदेशाने २०२५ पासून कंपन्यांना आपापले रेंजचे नकाशे वेबसाईटवर द्यावे लागतात. ते जरूर बघा, पण आमच्या घरावर हिरवा रंग दाखवणाऱ्या नकाशाला घराच्या भिंती दिसत नव्हत्या. आणखी एक, जिओकडं २जी, ३जी नाही, बोलणंही ४जी किंवा ५जीवरूनच जातं. म्हणून ते सिम घेणाऱ्याने ४जी स्वयंपाकघरापर्यंत पोचतं का, ते आधी बघावं. आणि मुख्य म्हणजे लाईट गेल्यावर गावातला कुठला टॉवर किती वेळ तग धरतो, हे गावच्या वायरमनला विचारावं. आम्ही विचारलं. त्याचंही उत्तर भाच्याच्याच कंपनीकडं गेलं.

म्हणजे प्रश्न सुटला असं वाटलं. आईचा जुना नंबर त्या कंपनीकडं पोर्ट करायचा. 'पोर्ट' लिहून पुढं नंबर घालून १९०० वर एसएमएस करायचा, येणारा कोड चार दिवस चालतो, तो आणि आधार घेऊन दुकानात जायचं, की तीन कामाच्या दिवसांत काम होतं. दुकानदाराने विचारलं, "सर, नंबर कुणाच्या नावावर?"

बाबांच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, तो नंबर आईच वापरत होती, कुणाच्या डोक्यात आलं नाही. फॅमिली पेन्शनचे एसएमएस त्यावर, बँकेचा ओटीपी त्यावर. दुकानदार म्हणाला, "आधी नाव बदलून घ्या, पोर्टिंग मग."

आईला सांगितलं तर ती गप्पच झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "उताऱ्यावरचं नाव काढलात, रेशनकार्डावरचं काढलात. आता एवढं एक राहिलंय, ते पण काढणार?" मी तिला नियम समजावत राहिलो. ओटीपी, बँक, उद्या नंबर बंद पडला तर काय, सगळं खरंच होतं. ती ऐकून घेत होती आणि म्हशीला पेंड भिजवत होती.

शेवटी मार्ग बायकोने काढला. फोनला दोन सिमांची जागा आहे. बाबांचा नंबर पोर्ट करायचाच नाही, आहे त्या कंपनीत राहू दे, बोलायला तो चालतोच. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे पॅक सक्तीचे केले, त्यातला एक त्याला टाकायचा. भाच्याच्या कंपनीचं नवीन सिम फक्त नेटसाठी. व्हॉट्सअ‍ॅपला नंबर एका कंपनीचा आणि नेट दुसरीचं चालतं. नाव तेवढं कागदोपत्री बदलायचं. "अत्ती, नंबर त्यांचाच राहतो," हे तिने आईला तीनदा सांगितलं. मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि आम्हा दोघा भावंडांचं संमतिपत्र जोडलं. ताई सही करायला चंदगडहून आली ती आईसाठी नाचणीचं पीठ घेऊन.

आता रोज रात्री आई आणि माझ्या सासूबाई फोनवर बसतात. पूर्वी त्यांचं बोलणं "ऊटा आतेन्री?" "होय, आतु" एवढ्यावर संपायचं. विहीणबाईंना मराठी कळतं पण बोलता येत नाही, आईचं कन्नड तीन वाक्यांचं. आता एक भाकरी दाखवते, दुसरी वातीसाठी पिंजलेला कापूस दाखवते, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही.

माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून 'बाबा' म्हणूनच आहे. पहिल्यांदा आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मुलगी ओरडली, "पप्पा, आजोबांचा फोन!" बदलायला हवं ते नाव. अजून बदललेलं नाही.