हडसन, बिग बॉय आणि घोसीपुऱ्याची गाडी

ग्वाल्हेरात राहून अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांचे वेड लागायला काय झाले, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांत आमच्या घरची मंडळीही असतात. आम्ही म्हणजे चौघे : याच शाळेचे दोन माजी विद्यार्थी, भौतिकशास्त्राचे एक निवृत्त सर आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. दर शनिवारी दुपारी लश्करातल्या एका माडीवर जमतो. पितळी पत्रा कापतो, कानस चालवतो, वाद घालतो आणि चहा पितो. शाळेच्या वार्तापत्रासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा ‘आम्ही’ या शब्दाखालीच लिहायचे ठरले, म्हणजे बरेवाईट चौघांत वाटले जाईल.

सध्या आमच्या टेबलावर एक हडसन उभे राहते आहे. न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वेने १९२७ साली हे इंजिन पहिल्यांदा रुळावर आणले. न्यूयॉर्कहून निघालेल्या गाड्या हडसन नदीच्या काठाने जात, म्हणून त्याला नदीचेच नाव मिळाले. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे पुन्हा चार लहान. इंजिने अशी चाकांवरून ओळखण्याची पद्धत फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकन अभियंत्याची, म्हणून हडसन म्हणजे ४-६-४. मधली मोठी चाके ७९ इंच व्यासाची. शाळेतला सर्वांत उंच मुलगा त्याच्याजवळ उभा केला तरी चाकच उंच भरेल. अशी २७५ इंजिने त्या रेल्वेकडे होती. आज त्यांतले एकही शिल्लक नाही. डिझेल आले आणि १९५०च्या दशकात सगळी भंगारात गेली. संग्रहालयात ठेवायला म्हणूनही कोणी एक बाजूला काढले नाही.

आणि तरीही जगात ज्या इंजिनांच्या सर्वांत जास्त प्रतिकृती झाल्या असतील, त्यांत हडसन आहे. खेळण्यातल्या गाड्या करणाऱ्या लायोनेल कंपनीने १९३७ साली ५३४४ नंबरच्या हडसनची प्रतिकृती विकायला काढली. प्रमाण १:४८ आणि किंमत ७५ डॉलर. मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले असणार. पण ते खेळणे नव्हते, हुबेहूब इंजिन होते. त्यानंतर किती कंपन्यांनी आणि किती हौशी लोकांनी हडसन बनवले, त्याला गणती नाही. खरे इंजिन गेले, पण त्याची मापे राहिली. कारखान्याचे नकाशे राहिले, छायाचित्रे राहिली. त्या कागदांच्या जोरावर ग्वाल्हेरातल्या माडीवर बसून आम्ही ते पुन्हा बांधू शकतो. आमच्या वेडाचे मूळ कारण हे आहे.

दुसरे कारण काकांचे. त्यांच्या मते अमेरिकन इंजिन काही लपवत नाही. जुन्या विलायती इंजिनांत पुष्कळदा सिलिंडर आणि दांडे चाकांच्या आतल्या बाजूला असत. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती फिरणारी चाके दिसत. अमेरिकन माणसाने सगळे बाहेर लटकवले. सिलिंडर बाहेर, दांडे बाहेर, नळ्या बाहेर. दुरुस्तीला सोपे म्हणून तसे केले, पण त्यामुळे पाहणाऱ्याला शिकवणीच मिळते. वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांड्याला ढकलतो, दांडा चाक फिरवतो, हे सारे डोळ्यांसमोर घडते. बॉयलरच्या पाठीवर जे उंचवटे दिसतात त्यांतल्या एकात चक्क वाळू भरलेली असते. चढावर चाक घसरू लागले की ड्रायव्हर नळीतून ती रुळावर सोडतो. बॉयलरच्या उबेने वाळू कोरडी राहते, म्हणून तिची जागा तिथे. एकही वस्तू शोभेची नाही, आणि म्हणूनच इंजिन देखणे दिसते, असे आमचे मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता वही घ्या. आम्ही बनवतो ती प्रतिकृती १:८७ या प्रमाणात असते. जगभर हेच प्रमाण सर्वांत चालते. त्याला एचओ म्हणतात, आणि त्याच्या दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेचे ‘बिग बॉय’ हे जगातल्या सर्वांत मोठ्या वाफेच्या इंजिनांपैकी एक. टेंडर धरून लांबी सुमारे १३२ फूट ९ इंच, वजन कोळसा-पाण्यासह सुमारे ५४० टन. लांबीला ८७ने भागले की सव्वाअठरा इंच येतात. मग वजनालाही ८७नेच भागायचे का? तसे केले तर सहा टन येतील आणि टेबल मोडेल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी कमी होतात, म्हणून वजनाला ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ने भागायला हवे. उत्तर येते सुमारे ८२० ग्रॅम. ५४० टनांचा डोंगर पाऊण-एक किलो बटाट्यांच्या वजनावर आला. हे गणित सरांनी एकदा नववीच्या मुलांपुढे केले, तेव्हा एका मुलीने विचारले, मग हत्ती मुंगीएवढा झाला तर त्याचे पाय बारीक चालतील का? सर त्या प्रश्नावर फार खूश झाले. उत्तर वर्गात शोधावे.

काही गोष्टी मात्र लहान होत नाहीत. पाण्याचा थेंब लहान होत नाही, धूर लहान होत नाही, घड्याळ तर मुळीच होत नाही. एक मैल १:८७ने साधारण साठ फूट होतो. एवढी खोली कोणाकडे असते? त्यामुळे दोन स्टेशनांमधले अंतर प्रत्येकाला खोटे करावे लागते. डोंगर कापावा लागतो, वळण अधिक वळवावे लागते. बिग बॉयला इंजिनाचे दोन संच असतात, आठ-आठ चाकांचे. खऱ्या इंजिनात मागचा संच बॉयलरला पक्का आणि पुढचा तेवढा वळणावर फिरतो. प्रतिकृतीत बहुधा दोन्ही फिरते ठेवतात, नाहीतर दिवाणखान्यातल्या वळणावर गाडी रुळावरून उतरायचीच. कुठे खोटे करायचे आणि कुठे अजिबात नाही, यावर आमचे सर्वांत जास्त वाद होतात. पातळ पत्र्यावर मागून बोथट टोकाने एकेक रिव्हेट उठवावे लागते. आमच्यातला एक जण नकाशात आहेत तितकीच रिव्हेटे उठवतो. दुसरा म्हणतो, दोन हातांवरून बघणाऱ्याला काय कळणार? अमेरिकेत पहिल्या जातीच्या लोकांना ‘रिव्हेट मोजणारे’ असे थट्टेचे नावच आहे.

बिग बॉय हे नावही गमतीचेच. स्केनेक्टडी गावच्या कारखान्यात इंजिन तयार होत असताना कोणा कामगाराने खडूने त्याच्या तोंडावर हे शब्द लिहिले आणि तेच चिकटले. १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ बांधली गेली. आठ वाचली. त्यांतले ४०१४ नंबरचे १९६०च्या दशकापासून कॅलिफोर्नियात उघड्यावर उभे होते. २०१३ साली रेल्वेने ते परत घेतले, शायेनच्या वर्कशॉपात सुटे केले आणि मे २०१९मध्ये ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर धावले. निमित्त होते अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या रेल्वेला दीडशे वर्षे झाल्याचे. काकांनी ती चित्रफीत किती वेळा पाहिली असेल, ते मोजायचे आम्ही सोडून दिले.

पालकांना वाटते, मुले यात गुंतली तर अभ्यासाचे काय? रास्त शंका आहे. उपदेश न करता एवढेच सांगतो, की अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६पासून विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. तिथली काही मुले गाडीकडे बघतही नसत; टेबलाखाली शिरून टेलिफोनच्या टाकाऊ रिलेंनी सांधे आणि सिग्नल चालवण्याच्या जोडण्या करत. हीच मुले १९५९च्या सुमारास संस्थेतल्या पहिल्या संगणकांकडे वळली. ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात त्यांच्याच बोलीतून आला. तेव्हा त्याचा अर्थ चोरी नव्हता, नामी युक्ती असा होता.

आता आमच्याकडे येऊ. ग्वाल्हेरला छोट्या गाडीचे अप्रूप नवे नाही. जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. अमेरिकन इंजिनेही इथल्या लोकांना अगदीच परकी नव्हती. दिल्ली-मुंबई मार्गावरच्या गाड्यांना लागणारे, गोळीच्या आकाराच्या नाकाचे आणि त्यावर तारा असलेले डब्ल्यूपी इंजिन आजोबा मंडळींना आठवत असेल. त्या जातीची पहिली १६ इंजिने १९४७ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून आली होती. हे कळले त्या दिवशी काका म्हणाले, म्हणजे लहानपणी मी अमेरिकेलाच हात करत होतो म्हणा की!

पण आमच्या मनाला खरी लागली ती अमेरिकेच्या ईशान्य टोकाची, मेन राज्यातली गोष्ट. तिथे दोन फूट गेजच्या चिमुकल्या रेल्वे होत्या. लाकूड, पाटीचा दगड आणि खेड्यांतली माणसे वाहायच्या. रस्ते झाले, लॉऱ्या आल्या आणि १९२९ ते १९४३ या काळात त्या एकेक करून बंद पडल्या. दोन फूट म्हणजे किती? आपल्या ग्वाल्हेर-श्योपूर गाडीइतके, बरोबर तेवढेच. फरक असा, की मेनच्या लोकांनी मापे जपली. एकेका डब्याचे नकाशे छापले गेले, प्रतिकृती झाल्या, आणि ऑल्ना गावी तर हौशी लोकांनी जुन्या मार्गावर पुन्हा रूळ टाकले. १८९१ साली बांधलेले ९ नंबरचे इंजिन तिथे आज वाफेवर चालते.

आपली लहान गाडी २०२०मध्ये थांबली. घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत ती दोनशे किलोमीटरच्या आसपास जायची. त्या मार्गावर ब्रॉडगेजचे काम सुरू झाले आणि काही भागावर मोठी गाडी धावूही लागली. ते व्हायलाच हवे होते. दिवसभर रखडत श्योपूरला जाण्यात मजा आहे, असे तिकीट काढून रोज जाणारा कोणी म्हणणार नाही. पण न्यूयॉर्कच्या हडसनचा एकेक बोल्ट आम्हाला माहीत आहे, आणि ज्या गाडीच्या टपावर बसून आमच्यातले दोघे आजोळी गेले, तिच्या दाराची रुंदी आम्हाला माहीत नाही, हे आमच्या मनाला बोचू लागले आहे.

म्हणून हडसन पुरे झाले की घोसीपुऱ्याच्या गाडीचा एक तिसऱ्या वर्गाचा डबा करायला घेणार आहोत. काकांनी नोकरीची काही वर्षे या गाडीच्या शेडमध्ये काढली. त्यांचे वय आज ८३ आहे. ते डोळे मिटून वीत आणि बोटे मोजत मापे सांगतात : बाकाची उंची इतकी, खिडकीच्या गजांमधले अंतर इतके. सर ती लगेच मिलिमीटरमध्ये उतरवतात. वहीची अकरा पाने भरली आहेत. दोन ठिकाणी काकांचे माप आणि एका जुन्या फोटोवरून काढलेले माप जमत नाही. काका म्हणतात फोटो तिरका आहे, सर म्हणतात काकांची वीत आता आखडली आहे.

पायरीची उंची, कंदील अडकवायच्या कडीची जागा आणि टपावर चढायच्या मागच्या शिडीला पायऱ्या किती, एवढे अजून मिळालेले नाही. कोणाच्या घरी लग्नाच्या वऱ्हाडाचा, सहलीचा किंवा सहज उभ्या उभ्या काढलेला असा फोटो असेल, ज्यात मागे डबा दिसतो, तर शाळेच्या ग्रंथालयात दाखवावा. आम्ही तिथेच त्याची प्रत काढून घेऊ आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करू. फोटोत माणूस उभा असेल तर अधिक चांगले. त्याची उंची घरच्यांना विचारता येते, आणि तिच्यावरून डब्याची.