सरनामा कोणाच्या नावे?

जुन्या मराठी पत्रव्यवहारात सरनामा म्हणजे पत्रावरील नाव-ठिकाण. पत्र कोणाच्या हाती पडावयाचे, हे त्यावरून कळे. भारतीय संविधानाच्या आरंभीच्या निवेदनालाही मराठीत बराच काळ ‘सरनामा’ म्हटले गेले; अधिकृत मराठी पाठाने ‘उद्देशिका’ हा संस्कृत शब्द स्वीकारला. उद्देश सांगते ती उद्देशिका, हे नाव नेमके आहे यात शंका नाही. परंतु जुन्या शब्दात एक प्रश्न उघडपणे वावरत होता, तो नव्या शब्दामागे काहीसा लपला: हे लेखन कोणी आणि कोणाला उद्देशून केले आहे?

उद्देशिका हे एकच दीर्घ वाक्य आहे. त्याचा कर्ता अगदी आरंभी येतो आणि क्रियापद अगदी शेवटी. इंग्रजी आणि हिंदी पाठांत या कर्त्याविषयी काही अडचण नाही. हिंदीतील ‘हम’ ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे प्रसंगावरून ठरते. मराठीला ही मोकळीक नाही. ‘आपण’ म्हटले की समोरचा माणूस बोलणाऱ्याच्या पंक्तीला बसतो; ‘आम्ही’ म्हटले की तो समोरच राहतो. मराठी पाठाने ‘आम्ही’ निवडले. गुजरातीतही ‘आपणे’ उपलब्ध असताना ‘अमे’ आले. तमिळमध्ये हाच भेद ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ या रूपांनी दाखवला जातो, आणि तेथील पाठात ‘नाम्’ आहे, म्हणजे ऐकणाऱ्यासह सारे. एकाच राष्ट्राचा एकच संकल्प. पण तमिळ वाचक त्यात पहिल्या शब्दापासून सामील आहे आणि मराठी वाचकाला, निदान व्याकरणाच्या दृष्टीने, तो समोर उभे राहून ऐकावा लागतो.

याचा दोष अनुवादकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘आपण’ हे सर्वनाम मराठीत फार ओझे वाहते. ते आदरार्थी ‘तुम्ही’ही होते आणि ‘स्वतः’ही होते, शिवाय त्याला सभेतील आवाहनाचा सूर आहे. दस्तऐवजाची मराठी मात्र ‘आम्ही’चीच आहे. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात आणि लिहून देणारा दुसऱ्याला उद्देशून बोलतो. उद्देशिकेपुरते पाहिले तर त्या ‘आम्ही’समोर उभा असलेला दुसरा पक्ष इतिहासात सापडतोही. १९१९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत हिंदुस्थानची पुढची पावले केव्हा आणि कशी पडावीत, हे ठरविण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने आपल्याकडे राखला होता. १९३५ च्या कायद्याला स्वतःची प्रस्तावनाच नव्हती. जुना कायदा रद्द झाला तरी त्याची प्रस्तावना तेवढी राखून ठेवण्यात आली. त्या प्रस्तावनेला उत्तर द्यायचे तर ‘आम्ही’ हाच शब्द शोभतो.

पण वाक्याचा शेवट हे उत्तर अपुरे ठरवतो. संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ केले आहे. लिहून देणारा आणि लिहून घेणारा एकच. मराठी कानाला अर्पण म्हटले की देव आठवतो, आणि तो संविधान सभेलाही आठवला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी ईश्वराच्या नावाने उद्देशिकेचा आरंभ व्हावा अशी सूचना मांडली. ईश्वर हा मतदानाचा विषय करू नये, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झालेच. ४१ मते बाजूने, ६८ विरुद्ध. देवळात जाणाऱ्या पुष्कळ सभासदांनी त्या दिवशी देवाला दस्ताबाहेर ठेवले, आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य मानणाऱ्या वाक्याला ते साजेसेच झाले.

तेव्हा सरनाम्यावर नाव उरले ते लोकांचेच. हे लोक खरोखर एक ‘आम्ही’ होते काय? जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, समता, स्वातंत्र्य होते, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. २१ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारणही दिले: बंधुभावाची गरज देशाला यापूर्वी कधी नव्हती इतकी आज आहे. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. मात्र आंबेडकरांच्या मनातली बंधुता त्याहून जुनी होती. आपण केवळ पाणी पिण्यासाठी आलो नाही, समता स्थापन करण्यासाठी आलो आहोत, हे त्यांनी १९२७ मध्येच महाडला सांगितले होते. ज्या गावात ‘आम्ही’ या शब्दाची हद्द वेशीपाशी संपत असे, त्या गावाच्या भाषेत ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द उच्चारणे किती अवघड आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, ‘भारताचे लोक’ हा शब्दप्रयोग काहींना रुचत नसे आणि ‘भारतीय राष्ट्र’ म्हणावे असे त्यांना वाटे, याची त्यांनी आठवण दिली. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. ‘लोक’ हा साधा, काहीसा विस्कळीत शब्द त्या वाक्यात राहिला, हे म्हणूनच बरे झाले. बंधुतेच्या कलमात व्यक्तीची प्रतिष्ठा आधी आणि राष्ट्राची एकता नंतर येते, तो क्रमही सहज लागलेला नाही.

उद्देशिका संविधानाचा भाग आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ‘नाही’ आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ‘आहे’ म्हटले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तीत नवे शब्द आले, तारीख मात्र १९४९ चीच राहिली. पाठचिकित्सकाला हा प्रक्षेप वाटेल, पण २०२४ मध्ये न्यायालयाने ती हरकत मानली नाही. या प्रक्षेपातही भाषांचे एकमत नाही. हिंदी ‘पंथनिरपेक्ष’ म्हणते, मराठी ‘धर्मनिरपेक्ष’, गुजराती ‘बिनसांप्रदायिक’. आणि हिंदीने ‘अखंडता’ म्हटले तेथे मराठीने ‘एकात्मता’ म्हटले. भूमी तुटू नये ही एक काळजी, मने तुटू नयेत ही दुसरी.

महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत आरंभी उद्देशिका असते आणि प्रतिज्ञाही असते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली ती प्रतिज्ञा एकवचनात बोलते आणि दुसऱ्याच वाक्यात सर्व भारतीयांना बांधव ठरवते. उद्देशिका बहुवचनात सुरू होऊन बंधुतेपाशी बऱ्याच उशिराने पोहोचते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे वाचन करण्याचे ठरले. सकाळच्या परिपाठाला मुले ती एका सुरात म्हणतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर म्हणत असतात. मैदानावर तेव्हा नुसता ऐकणारा असा कोणी उरत नाही.