चिकलठाण्याची वाट आणि अंगात साठलेले भय

औरंगाबाद शहरातून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, जालना रोडने पूर्वेकडे निघाले की सिडको व मुकुंदवाडी मागे पडते आणि चिकलठाणा लागते. रस्त्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि पुढे सुखना नदीजवळचे जुने गाव. पाळीचा भोंगा झाला की डबे घेतलेले कामगार रस्त्यावर येतात. त्यांत आपल्या समाजाचे बंधू आणि भगिनीही पुष्कळ असतात.

या गावाचे नाव 26 एप्रिल 1993 रोजी देशभर ऐकू आले. मुंबईकडे निघालेल्या विमानाने येथून उड्डाण केले. धावपट्टीच्या टोकाकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान त्याला धडकले, पुढे विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. विमानातील 118 जणांपैकी 55 जण मृत्युमुखी पडले. अशा अपघातातून वाचलेल्या माणसाची जखम भरते, पण मोठा आवाज झाला की अंग दचकते. त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक लोक चांगले घर असूनही अंगणात झोपत होते.

आपल्या समाजाच्या अंगात तर आणखी एक भय आहे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. अनेक कुटुंबांनी गाव सोडून शहराची वाट धरली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, आपण पेढे वाटले. परंतु ज्यांनी आपले घर जळताना पाहिले, त्यांच्या अंगातली आग तेवढ्याने विझली नाही. रात्री दारावर थाप पडली की छातीत धडधडणाऱ्या, दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून आतल्या खोलीत बसणाऱ्या आजी आपल्या वस्त्यांतून आम्ही पाहिल्या आहेत. घरची माणसे म्हणतात, “म्हातारीचा स्वभावच भित्रा.” तो स्वभाव नव्हे, ती जखम आहे.

वैद्यकशास्त्रानेही हे मान्य केले आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली या आजाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. संकटाच्या वेळी शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी तयार होते. श्वास वर चढतो, स्नायू ताठ होतात, झोप उडते. संकट टळले तरी काहींचे शरीर ती तयारी सोडतच नाही. म्हणून “विसरून जा” असे सांगून उपयोग होत नाही. “आता धोका नाही” हे शरीरालाच हळूहळू कळावे लागते.

चिकलठाण्याच्या वाटेवरील एका वस्तीत, पत्र्याच्या लहानशा विहारात, आम्ही पौर्णिमेला गेलो होतो. वंदनेनंतर तेथील ताईंनी सर्वांना उभे केले. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, टाच आणि बोटे जाणून घ्या, असे सांगितले. मग विहाराभोवती सावकाश चालणे झाले. यालाच आपल्याकडे चंक्रमण म्हणतात. शेवटी बसून श्वासाकडे लक्ष देणे, म्हणजे आनापान. एका मावशींना डोळे मिटवेनात. ताई म्हणाल्या, “उघडे ठेवा मावशी, दाराकडे तोंड करून बसा.” मावशी दाराकडे वळल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. जबरदस्ती न करणे, हाच यातला खरा उपचार आहे.

ही वाट आपल्याला नवी नाही. पटाचाराची कथा घरोघरी सांगितली जाते. पती सर्पदंशाने गेला, एक मूल घारीने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले, माहेरचे घर वादळात कोसळले. भान हरपलेल्या त्या स्त्रीला तथागतांनी प्रथम भानावर आणले. पुढे भिक्षुणी झाल्यावर पाय धुताना जमिनीवरून वाहत जाणारे पाणी पाहूनच तिला सत्य उमगले. पाय, पाणी आणि लक्ष, एवढेच तिचे साधन होते. सतिपट्ठान सुत्ताची सुरुवातही कायेपासूनच आहे.

आपल्यातील काही कार्यकर्ते विचारतात, “डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबतात काय?” प्रश्न रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच विचारले आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस असावा की समाजाचा सेवक? आम्ही म्हणतो, ध्यान हा लढ्याला पर्याय नाही. परंतु अत्याचार करणाऱ्याला आपल्या अंगात भयच पेरायचे असते. ते भय उपटणे हाही लढाच आहे. साक्ष द्यायला कोर्टात उभे राहायचे, तर पाय थरथरून कसे चालेल? 1979 साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. शेकडो मैलांच्या त्या वाटेवर माणसे खांद्याला खांदा लावून चालली. एकट्याचे भय अशा सोबतीत कमी होते.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्याची जखम खोल आहे, त्याला एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिराला धाडू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर औषधोपचार घेण्यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालय चिकलठाण्यातच आहे, घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. अंगारे-धुपारे आणि बुवाबाजी यांच्या वाटेला मात्र जाऊ नये.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातली आजी दचकत असेल तर तिला हसू नका. संध्याकाळी तिचा हात धरून विहारापर्यंत सावकाश चाला. तिला सांगावेसे वाटले तर ऐका, नाही वाटले तर नुसते सोबत चाला. दर पौर्णिमेला आपल्या विहारात भाषणाआधी पंधरा मिनिटे या अभ्यासाला द्या. त्याला वर्गणी लागत नाही.

जयभीम!